दोन घरांचं एक धुराडं

टॅम्सिन चहाला बसते न बसते तोच तिच्या फायरप्लेसमधून भसकन काजळी खाली आली. गालिचा, बशी, तिचं नाक... काहीच सुटलं नाही. ती तशीच रिमझिम पावसात शेजारच्या पायऱ्या चढली.

दार उघडणाऱ्या तरुणाच्या हातात छिन्नी होती, केसांत चुना.

"भिंत पाडताय का?"

"फक्त प्लायवूड काढलं. मागे जुनी फायरप्लेस निघाली..." तो थबकला. "तुमच्या नाकावर—"

"ठाऊक आहे. तुमचीच काजळी. परत करायला आले."

तो हसला. त्याचं नाव गिडियन; इंग्लंडातल्या बाथ गावात नवा आलेला गुरांचा डॉक्टर. गालिचा झटकायला म्हणून तो आला, चहा घेऊन गेला आणि मग रोजच येऊ लागला.

त्यांच्या गल्लीतली घरं समोरून सगळी सारखी. त्याच मधाळ दगडाची, तशाच उंच खिडक्यांची, एका फुटपट्टीने आखलेली. मागच्या बाजूला मात्र ज्याने त्याने गरजेप्रमाणे खोल्या काढलेल्या, वाकड्यातिकड्या. शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या टॅम्सिनला वाटे, इथली माणसंही तशीच. आपण तर नक्कीच.

एका संध्याकाळी ती फायरप्लेसजवळ बसून बहिणीशी फोनवर बोलत होती.

"हात छान आहेत गं त्याचे," ती म्हणाली. "शांत. बुजलेलं वासरूसुद्धा उभं राहत असेल."

"वासराचं राहू दे. तू त्याला सांगणार कधी?"

"नाही सांगणार. त्याच्या मनात तसं नसलं तर? भिंतीला भिंत आहे, लेटिस. जन्मभर पायऱ्यांवर नजर चुकवायची?" ती थांबली. "पण तो उठून गेला ना, की ही खोली उगाच मोठी वाटते."

दुसऱ्या दिवशी गिडियन आला तो कोट न काढताच उभा राहिला.

"तुमचं धुराडं आणि माझं... एकाच भिंतीतून वर जातात. मध्ये एका विटेचा पडदा होता. तो ढासळलाय. उद्या गवंडी येतोय."

"बरं झालं की."

"हो. पण तोवर... इकडचं बोलणं तिकडे ऐकू येतं."

टॅम्सिनने हातातला कप खाली ठेवला. दोनशे वर्षं धुरातल्या आम्लाने चुना खाल्ला असणार, एवढंच तिला सुचलं.

"काय ऐकलंत?"

"हातांबद्दल." त्याचे कान लाल झाले. "मग रेडिओ लावला, मोठ्याने. पुढचं ऐकणं बरं नव्हतं. लगेच दार वाजवून सांगायला हवं होतं, पण... ते एक वाक्य रात्रभर जवळ ठेवावंसं वाटलं."

तिने खाली ठेवलेला कप उगाच पुन्हा उचलला.

"तुमची इच्छा असेल तर मी काही ऐकलंच नाही," तो म्हणाला. "आपण हवेबद्दल बोलू."

या गावात अडचणीतून सुटायचा हा नेहमीचा रस्ता. आणि तो अगदी सोपा होता. टॅम्सिनने खिडकीबाहेर पाहिलं.

"आज जरा उघडीप आहे," ती म्हणाली.

"हो... आहे खरी." त्याचा चेहरा उतरला. तो दाराकडे वळला.

"गिडियन."

तो थांबला.

"रेडिओ लावलास आणि पुढचं महत्त्वाचं वाक्य ऐकायचं राहून गेलं तुझं." तिने दुसरी खुर्ची फायरप्लेसजवळ ओढली. "कोट काढ. बस. सांगते."