देगलूरचा गुलाबी चुरा

लोह्याजवळच्या खाणीत सकाळी पाथरवट तय्यब मरून पडलेले सापडले. वर काळ्या कातळाची कड. पाय घसरला असेल, असं त्यांचा धाकटा भाऊ अकरम सांगत होता.

फौजदार महादेवी जवळ बसल्या. तय्यबच्या डोक्याला रुमाल बांधला होता, मागे दोन गाठी मारून. पडून मेलेला माणूस स्वतःचं डोकं बांधत नाही. केसांत गुलाबी चुरा होता. त्या खाणीत गुलाबी खडाही नव्हता.

"शेवटचं कधी बघितलं?"

"परवा. काल मी ट्रक घेऊन नांदेडला होतो, मॅडम."

घरी तय्यबची बायको वहिदा भिंतीला टेकून बसली होती.

"काल कुठं गेले होते?"

"कामाला, एवढंच म्हणले. दोघांचा डबा भर म्हणले. वांगं नको म्हणले. त्यांना तर लई आवडायचं."

शेजारणीने आणलेलं जेवण पुढ्यात होतं. अकरमने ताटातलं वांगं कडेला सारलं. महादेवींनी ते पाहिलं.

गुलाबी दगडाच्या खाणी देगलूरकडे दोन. एक चालू, दुसरी धोक्याची म्हणून सरकारने बंद केलेली. दगड दिसायला सारखाच. महादेवींनी केसांतला चुरा आणि दोन्ही खाणींतला एकेक दगड नांदेडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या रविकिरण सरांकडे नेला.

"यात झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक कण असतात," ते म्हणाले. "त्यातल्या युरेनियमचं हळूहळू शिसं होतं. किती झालं ते मोजलं की दगडाचं वय कळतं."

तीन आठवड्यांनी निकाल आला. चालू खाणीचा दगड दोनशे बावन्न कोटी वर्षांचा. बंद खाणीचा दोनशे एकसष्ट कोटींचा. केसांतला चुराही दोनशे एकसष्ट.

महादेवी वहिदाच्या घरी गेल्या. अकरम तिथंच होता.

"तय्यबभाई बंद खाणीत पडले," त्या म्हणाल्या. "तिथं चोरून काम चालू होतं. सोबत तू होतास. या घरात वांगं न खाणारा तूच. डोकं तूच बांधलंस, परक्याने एवढ्या काळजीने बांधलं नसतं. आणि डॉक्टर म्हणतात, पडल्यावर ते दोन तास जिवंत होते. देगलूर ते लोहा, ट्रकने तेवढाच वेळ लागतो."

अकरमने मान खाली घातली.

"खाणीच्या मालकाला फोन केला," तो म्हणाला. "अमृतराव म्हणले, दवाखान्यात नेलं तर खाण उघडी पडंल, तूबी आत जाशील. लोह्याला ने, तिथं पडला म्हणून सांग. मी भ्यालो."

अमृतरावांना आणायला शिपाई आधीच गेले होते. महादेवी उठल्या.

वहिदाने अकरमकडे पाहिलं. "रस्त्यात काही बोलले का?"

"देगलूरचा दवाखाना मागं पडला, भाभी, तवा डोळे उघडले भाईनं. म्हणले, दवाखाना आला का?"

"तू काय म्हणलास?"

"म्हणलं, थोडं राहिलं. झोप तू."