सोळाशेची गाडी

त्या दिवशी पुण्याच्या नोकरीतून रजेवर आलेली अबोली बाबांचा डबा घेऊन नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामावर पोचली, तर फाटकाबाहेर तीन ट्रक ओळीने उभे. मागे अमरावती रोड तुंबलेला. पहिल्या ट्रकच्या टपावरून एक उंच, सावळा तरुण हात हलवून साऱ्या जगाची समजूत घालत होता. थंडीच्या हवेत आंबिया बहाराच्या संत्र्यांचा वास भरून राहिला होता.

"ओ मॅडम, फाटक उघडायला सांगा ना... लोकं मले शिव्या देऊन राहिले."

"तुम्ही कोण?"

"अंकित. काटोलचा. काल कर्नलसाहेबांचा फोन आला, सोळाशेची गाडी लाव म्हणे. सोळाशे क्रेट एका गाडीत मावतात काय? म्हणून तीन आणल्या. अर्ध्या गावाचा माल तोडला मी."

अबोलीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि हसू आवरेना.

"अहो, सोळाशे म्हणजे दुपारचे चार. फौजेत वेळ अशीच सांगतात."

अंकित टपावरच मटकन बसला. "मग चार म्हणायचं ना... काहून फिरवून बोलता तुम्ही फौजी लोकं?"

तिने मान वर केली. तोही हसत होता... काळजीत बुडालेला आणि तरी हसणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला.

तेवढ्यात बाबा आले. कर्नल मधुसूदन. फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे गोदाम घेतलं होतं. शेतकऱ्यांची संत्री निवडून, भरून परप्रांती पाठवत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आदेशाचे दोन अर्थ निघाले, तर चूक देणाऱ्याची," ते अंकितला म्हणाले. "माल उतरव. सगळा घेतला मी."

मग ते फोनला बसले. जम्मू, अंबाला, तेजपूर... जिथे जिथे पोस्टिंग झालं, तिथले जुने साथीदार. प्रत्येकाशी सुरुवात एकच — "राम राम, नागपूरचा संत्रेवाला बोलतोय."

"बाबा, कर्नल म्हणा ना," अबोली हळूच म्हणाली. पुण्यात मैत्रिणींना ती एवढंच सांगायची, की बाबा आर्मीत होते.

"कर्नल मला सरकारने केलं, बेटा. संत्रेवाला मी स्वतः झालो."

संध्याकाळपर्यंत सोळाशेच्या सोळाशे क्रेटना घर मिळालं होतं. बाबांनी एक संत्रं सोललं, अर्धं तिला दिलं, अर्धं अंकितला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले.

घाटावर जुने फौजी ताठ उभे राहिले. त्यांच्या मागे गोदामातले हमाल, तेही तितकेच ताठ. तिसऱ्या दिवशी अबोली गोदामावर आली. तेजपूरची गाडी भरायची राहिली होती. अंकित क्रेटपाशीच बसून होता.

"तुम्ही काहून आल्या?"

"बाबांनी शब्द दिलाय. गाडी जायला हवी."

तो उठला. दोघांनी मिळून माल चढवला, आणि गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा अबोली पहिल्यांदा रडली. अंकित जरा दूर, पाठ करून उभा राहिला — तिला हवं तितकं रडता यावं म्हणून.

मग रजा वाढली. नोकरी सुटली. अंकित दर खेपेला माल घेऊन यायचा.

"उद्या चौदाशेला या," ती म्हणायची.

"वाजता की क्रेट?"

"तुम्हाला काय सोयीचं?"

"मले तर... रोज यायचं सोयीचं आहे."

ती फळं निवडत राहायची. ओठ मात्र ऐकायचे नाहीत.

थंडी सरली, मृग बहाराची संत्री आली. एका दुपारी विश्वनाथमामा गोदामाला गिऱ्हाईक घेऊन आले. अंकित क्रेट उतरवत होता, अबोली फळं निवडत होती. त्याने हातातला क्रेट खाली ठेवला, आणि आज नाही तर कधीच नाही, अशा चेहऱ्याने मामांकडे पाहिलं.

"मामाजी, अबोलीचं तिनं सांगावं... पण तुमच्या घरी जावई म्हणून संत्रेवाला चालते काय?"

मामा गोंधळले. माणूस वाईट नव्हता.

"पोरगा चांगला आहेस गा तू. पण ती कर्नलची मुलगी. गोदाम विकलं की पुण्याला जाईल परत. लोकाइले काय सांगू मी, संत्रेवाल्याच्या घरी दिली?"

अंकितने मान खाली घातली. अबोलीने हात पुसले. तिचा आवाज हमालांपर्यंत, फाटकापर्यंत पोचला.

"गोदाम विकायचं नाही, मामा. आणि लोकांना सांगा, संत्रेवाल्याची मुलगी संत्रेवाल्याकडे चालली. माझे बाबा संत्रेवाले होते."