बिननावाची मैत्रीण

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी शामकलाबाईंना तीन आठवडे धुळीत जायला मनाई केली, आणि नेमका त्याच दिवसांत मुर्री गावातल्या मंदिरात कीर्तनाचा सप्ताह लागला. मंदिर दोनच गल्ल्या पलीकडे. टाळ ऐकू यायचे, बुवांचे शब्द नाहीत. माघाच्या उन्हात काळा चष्मा लावून बाई पडवीत बसायच्या आणि चरफडायच्या.

शेवटी नातीला, रेणूला दया आली. गोंदियाच्या कॉलेजात शिकणारी पोरगी. तिनं मोबाईलवर कादंबऱ्या वाचून दाखवणारं ॲप लावलं आणि आजीच्या कानात इअरफोन खोचले.

"दोन मैत्रिणींची स्टोरी आहे, आजी. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी. मले तर लय आवडली."

"हरिनाम हाय का त्यात?"

"नाही."

"असो. लाव. पाहू त खरं."

कथा पुण्याच्या एका वसतिगृहातली. वाचणाऱ्या बाईचा आवाज धुतलेल्या तांदळासारखा स्वच्छ. पहिल्या दिवशी शामकलाबाईंनी नाक मुरडलं, कारण पोरी भिंतीवरून उड्या मारून कुल्फी खायला जात. दुसऱ्या दिवशी त्याच पोरींसाठी त्यांचा जीव तुटायला लागला. एकीला ताप भरला, तर यांनी इकडे विठ्ठलाला हात जोडले. तिसऱ्या दिवशी गार्गी नावाची पोरगी दूर शिकायला गेली आणि दुसरीला साफ विसरली. पत्र नाही, फोन नाही.

संध्याकाळी रेणू घरी आली तेव्हा आजी धुमसत होती.

"कोणं लिवलन हे? आमचे बुवा आख्यान लंकेत नेवोत का पाताळात, शेवटी मूळ अभंगावर आणून सोडतात. माणूस हलका होऊन घरी जाते. हिनं त पोरीले अर्ध्या रस्त्यात टाकून देल्लन!"

"अरे आजी, पूरी तो सुन ले पहिले."

"आणि त्या दुसरीले नाव काऊन नाही ठेवलं? गार्गी गार्गी करते, आणि दुसरीची पाळी आली का वाचणारी चूप. श्वास घेते आणि पुढं जाते. नाव घेतलं असतं त काय जीभ झिजली असती?"

रेणू हसली. "नाव आहे ना. पहिल्याच भागात आहे. रुख्मा."

वाती वळणारा आजीचा हात थांबला.

अठ्ठेचाळीस वर्षांत त्या घरात हे नाव कोणी घेतलं नव्हतं. शामकलाबाईंनी तर नाहीच.

त्यांचं माहेर दरेकशाचं. तिकडे श्रावणात पोरी अंधाऱ्या खोलीत पानांच्या दोन्यात, द्रोणात, गहू पेरायच्या. राखीच्या दुसऱ्या दिवशी, भुजलीच्या सणाला, ते पिवळे कोंब नाल्यात धुवायच्या. ज्या दोघी तो कोंब एकमेकींच्या कानावर खोचतील, त्या जन्माच्या 'भुजली'. मग एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, भुजली म्हणूनच हाक मारायची. नाव घेतलं की नातं तुटलं. शामकला चौदाची होती, तिची भुजली पंधराची. लग्न ठरलं तेव्हा शामकलानं शब्द दिला होता, 'दरसाल भुजलीले गाडीनं येतो. तू स्टेशनावर उभी राहाजो.'

गोंदियाहून गाडीनं तासाभराची वाट, मधे एक बोगदा. पहिल्या साली सासूनं पाठवलं नाही. दुसऱ्या साली बाळंतपण. पुढं कारणही लागलं नाही. माहेरची माणसं सांगायची, ती येऊन बसते बरं गाडीच्या टायमाला. मग एका साली सांगायची बंद झाली. शामकलाबाईंनी विचारलं नाही.

रेणूला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. आवाज मात्र चढला. "तक्रार लिवता येते ना त्यात? मंग लिव. 'जिवाच्या मैत्रिणीले असं कोणी वाऱ्यावर सोडते का? सोडणारीले लाज नाही आणि लिवणारीलेही नाही.' लिवलं?"

"लिवलं, आजी. आणि एकच स्टार दिला."

"तोही कायले दिला?"

दुसऱ्या दुपारी शेवटचा भाग राहिला होता. 'पाहतोच कशी गाठ घालते ते,' म्हणत बाईंनी इअरफोन लावले.

गार्गी गाडीत बसली. खिडकीतून जंगल लागलं. मोहाची झाडं, मुरमाचे डोंगर. पुण्याकडेही मोह असेल, बाईंनी मनाला सांगितलं. मग बोगदा आला. चाकांचा आवाज कोंडला, आणि बोगद्यातला गार, दगडी वासाचा वारा त्यांच्या कानाच्या पाळीला लागला. पडवीत तर पानही हलत नव्हतं.

बोगद्यानंतर लहानसं स्टेशन. फलाटावर एक पोरगी. हातात पानांचा दोना.

गाडी हळू होईना.

"थांबव ना बाई," शामकलाबाई मोठ्यानं म्हणाल्या. "अवो, थांबव गाडी! ते उभी हाय ना तिथं!"

वाचणारी थांबली. श्वास घेतला.

पुढचा आवाज तिचा नव्हता. पुण्याचाही नव्हता.

"तक्रार वाचली म्या."

बाईंनी काळा चष्मा काढला.

"'लाज नाही' म्हणून राहिली. कोणाले म्हणून राहिली तू?"

नाव ओठांपर्यंत आलं. त्यांनी ते दातांखाली दाबून धरलं.

"काऊन नाही आली, भुजली?"

त्यांनी इअरफोन ओढून काढले. रेणू नुकतीच सायकल लावत होती. आजीनं ते तिच्यापुढं धरले. "आयक. काय म्हणते ते आयक."

रेणूनं कानाला लावलं, जरा वेळ ऐकलं आणि खुलली. "हां, हा एंड आहे. मस्त आहे ना? गार्गी उतरते आणि दोघी भेटतात."

"उतरते?"

"हो ना. ती दुसरी उभीच असते तिच्यासाठी." रेणूनं वर पाहिलं. "आजी, तुझ्या कानावर काय आहे?"

रेणूनं हात लावून ते अलगद काढलं. वीतभर लांब, अंधारात वाढल्यासारखा पिवळा, गव्हाचा कोंब. मुळाशी नाल्याची वाळू होती, अजून ओली.