सोमवारचा कप्पा

बाटलीत चार गोळ्या जास्त होत्या.

स्वरूपाने पुन्हा मोजल्या. आबांच्या रक्तदाबाच्या साठ गोळ्या आणून अठ्ठावीस दिवस झाले होते. रोज एक, म्हणजे बत्तीस उरायला हव्या होत्या. उरल्या होत्या छत्तीस. वस्तू हरवतात, चोरीला जातात. पण वाढतात कशा?

"माझ्या नोंदीत चूक नाही," नोंद्या म्हणाला. नोंद्या हा त्यांच्या घरातला यंत्रमानव. दर रविवारी तो सात कप्प्यांची डबी भरत असे आणि रोज संध्याकाळी त्या दिवसाचा कप्पा तपासत असे. "अठ्ठावीस कप्पे, अठ्ठावीसही रिकामे."

पाच आठवड्यांपूर्वी चहा पिताना आबांच्या हातून कप निसटला होता. तोंडाची उजवी बाजू ओघळली आणि दहा मिनिटे त्यांना शब्द सापडेना. डॉ. मुजावरबाईंनी सांगितले, "हा क्षणिक झटका (मेंदूकडे जाणारे रक्त थोडा वेळ अडून पुन्हा सुरू होणे). या वेळी वाट आपोआप मोकळी झाली. पुढच्या वेळी होईलच असं नाही."

तेव्हापासून स्वरूपा कपबशीच्या आवाजाकडे कान लावून असे. रोज सकाळी ती आबांसमोर उभी राही. "हसून दाखवा. दोन्ही हात वर. आता म्हणा, कच्चा पापड, पक्का पापड." हसू वाकडे झाले, हात खाली आला किंवा जीभ अडखळली, तर क्षणभरही न थांबता रुग्णवाहिका बोलवायची, हे तिने पाठ केले होते.

"शाळेत जाण्याआधी माझीच परीक्षा घेतेस," आबा म्हणत. गुहागरजवळच्या किनाऱ्यावर, भरतीच्या पाण्यापासून वीज करणाऱ्या केंद्रात त्यांनी तीस वर्षे संशोधन केले होते.

"नोंद्या, आबांच्या रक्तदाबाचा आलेख दाखव."

भिंतीवर निळी रेघ उमटली. शांत रेघेत चार ठिकाणी करवतीसारखे दात वर आले होते. चारही मंगळवारी सकाळी.

चार दात. चार गोळ्या.

"आबा, सोमवारी काय करता तुम्ही?"

आबा हळूच म्हणाले, "तुझी आजी सोमवार करायची. ती गेल्यावर मी तो चालू ठेवला. गोळीच्या पाकिटावर लिहिलंय, 'जेवणानंतर'. जेवलोच नाही, तर 'नंतर' कुठून येणार? म्हणून गोळी परत बाटलीत."

"मग सांगितलं का नाहीत?"

"जन्मभर विद्यार्थ्यांना म्हणालो, पुरावा दाखवा. त्याच माणसाने पुराव्याशिवाय उपास धरलाय, हे कसं सांगू?"

"आणि तुम्ही पडला असतात तर?" स्वरूपाचा आवाज फाटला. "मी घरात एकटी असते तेव्हा?"



"चूक माझीही आहे," नोंद्या म्हणाला. "मी कप्पा तपासत होतो. पोट नाही."

आबांनी तिला जवळ बसवले. "आमच्या केंद्रातला तो जाड नळ आठवतो? पाण्याचा दाब सतत जास्त राहिला, की नळ बाहेरून चांगला दिसतो, पण आतून झिजत जातो. रक्तवाहिन्यांचंही तसंच. दुखत नाही, म्हणून कळत नाही. मग एक दिवस मेंदूतली वाहिनी तुंबते किंवा फुटते. तोच पक्षाघात (रक्त न मिळाल्याने मेंदूच्या काही भागाचं काम थांबणे)."

"नळाच्या तपासणीचं वेळापत्रक असायचं ना तुमच्याकडे?"

"होतं. दर आठवड्याला आम्ही बसायचो. सगळं नीट झालं का, एवढंच नाही विचारायचो. कुठला दिवस अवघड जाणार, हे आधी शोधायचो." ते म्हणाले. "स्वतःच्या बाबतीत तेवढंच विसरलो."

स्वरूपाने लगेच स्पीकरवर डॉक्टरांना फोन लावून सगळे सांगितले. "ही गोळी नुसत्या पाण्याबरोबर चालेल," बाई म्हणाल्या. "पण प्रत्येक गोळीचं तसं नसतं, म्हणून विचारायचं. उपासाचं मला आधी सांगायला हवं होतंत, आबा. आणि ते खारे वेफर्स बंद!"

"ते कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सगळ्यांचा उपास तसाच असतो."

मग तिघे आठवड्याचा तक्ता मांडून बसले. आबांनी पेन घेतले आणि सर्वांत आधी सोमवार लिहिला. 'उपास असला, तरी देवासमोर दिवा लावला की पाण्याबरोबर गोळी. वेफर्सऐवजी फळं. चालणं सकाळी नाही, संध्याकाळी. दमलो तर अंगणातच.' बाकीचे दिवस सोपे होते. तळाशी स्वरूपाने लिहिले, 'दर रविवारी: कोणता दिवस घसरला? का? रागवायचं नाही.' नोंद्याने स्वतःसाठी एक ओळ मागून घेतली: 'बाटलीही मोजणे.'

सोमवारी संध्याकाळी दिव्याची वात पेटली आणि आबांनी स्वरूपासमोर गोळी घेतली. तरीही त्या रात्री स्वरूपाला नीट झोप लागली नाही. एका गोळीने भीती जात नसते.

मंगळवारी सकाळी निळी रेघ पुढे सरकली. दात होता, पण बोथट.

"अजून पुष्कळ मंगळवार पाहावे लागतील," आबा म्हणाले. कप बशीवर टेकल्याचा हलका आवाज झाला. "आज हसायला नाही सांगितलंस?"

स्वरूपाने नीट निरखून पाहिले. त्यांच्या ओठांचे दोन्ही कोपरे सारखेच वर गेले होते.

"तुम्ही आधीच हसताय," ती म्हणाली, आणि दप्तर उचलले.