विलोफर्डची कचेरी

अमेरिकेच्या त्या अफाट गवताळ मुलखावर पहाट फुटत होती. मक्याची रिकामी शेते बर्फाखाली निपचित पडली होती, आणि विलोफर्ड गावाच्या मधोमध ओकच्या तुळयांची नवी कचेरी दिमाखात उभी होती. त्या काळचा दंडकच असा, की ज्या गावी कचेरी तेच जिल्ह्याचे ठाणे. कचेरी गेली की बाजार गेला, वकील गेले, पाठोपाठ गावही गेले. बारा मैलांवरच्या हॅस्कमकरांचा तिच्यावर डोळा होता तो उगाच नव्हे!

कचेरीची राखण ड्रुसिला पिम या विधवेकडे होती. गाव तिच्या नवऱ्याने वसवले; कचेरी तिच्या थोरल्या भावाने, असाहेल सुताराने, साऱ्या गावाला हाताशी धरून उभारली.

कचेरीच ओढून न्यायला चाळीस बैल घेऊन हॅस्कमकर आले, तशी ड्रुसिला बंदूक घेऊन आत शिरली. दाराला अडसर घालून ती खिडकीतून गरजली, "ओढा खुशाल! दगडी जोतं आहे, बैल मरतील तुमचे!"

बैलांपुढे असाहेल उभा होता.

"बाहेर ये, ड्रुसी. जोतं नाहीच. दगडांची नुसती झालर आहे. खाली बर्फावरून घसरणाऱ्या गाडीला असतात तसे वासे घातलेत."

अरे देवा! ओल चढू नये म्हणून, असे सांगून ते वासे त्याने गावकऱ्यांकडूनच बसवून घेतले होते. हॅस्कमच्या चौकातली मोक्याची जागा त्याला आधीच कबूल झाली होती.

"दादा, तू? आमच्याच हातून आमच्या गावाची तिरडी बांधून घेतलीस?"

तिने त्याच्या छातीवर नेम धरला. बोट वळेना. धावत आलेल्या गावकऱ्यांना ती ओरडली, "जू तोडा! बघता काय?" एकही पाय पुढे सरला नाही.

कचेरी करकरली आणि हलली. ड्रुसिला उतरली नाही. बारा मैल ती दफ्तराच्या पेटीवर ताठ बसून राहिली. हॅस्कमला असाहेलने पुढे केलेला हात झिडकारून ती पायी माघारी आली.

पुढच्या हिवाळ्यात विलोफर्डकरांनी एकेक करून आपापली घरे वाशांवर चढवली आणि हॅस्कमला ओढून नेली. सुतार अर्थातच असाहेल. शेवटचा शेजारी निरोपाला आला, टोपी हातात घेऊन म्हणाला, "बाई, तुमच्या भावानं दगा दिला, नाहीतर…"

"दादानं एकदाच केसानं गळा कापला," ड्रुसिला म्हणाली. "तुम्ही तो दर घरामागे एकेकदा कापलात."