पेशंटचे कोण?

दारावर ‘कॅन्सर इम्युनोथेरपी चाचणी’ एवढंच लिहिलेलं होतं, म्हणून ती आत गेली आणि मांडीवर फाइल घेऊन बसली. पांढऱ्या कोटातल्या तरुणाने मान वर न करताच विचारलं,

“पेशंटला आणलं नाहीत?”

“घरी झोपलेत.”

“अरे वा, अहो-जाहो करता! खाणं?”

“कमी. नुसती कुरकुर करतात.”

“चावतात?”

“…माझे वडील आहेत हो ते!”

तेव्हा कुठे त्याने वर पाहिलं. हा कुत्र्यांचा विभाग होता, माणसांचा पलीकडच्या इमारतीत. तिला हसू फुटलं, त्याचे कान लाल झाले.

इंजेक्शन मात्र तेच होतं, शरीराच्या पेशींना गाठ ओळखायला शिकवणारं. कुत्र्यांनाही हाडांचा कॅन्सर माणसांसारखाच आपसूक होतो. म्हणून ते आधी त्यांना दिलेलं.

“किती जगली?”

“अकरातली चार.” त्याने आकडा गोड करून सांगितला नाही. “बाबांना पहिला डोस निम्माच देतील. माझी एक कुत्री पूर्ण डोसला कोसळली होती…”

बाबांनी संमतीपत्रावर सही केली ती तिच्या भरवशावर, आणि तिचा भरवसा त्या अकरा कुत्र्यांवर. इंजेक्शनची तारीख यायला तीन आठवडे होते. ती शंका विचारायला त्याच्याकडे जात राहिली. शंका संपल्या तरी जात राहिली.

“आज काय विचारायचंय?”

“आठवत नाहीये.”

“मग बसा. आठवेल.”

इंजेक्शनच्या दुसऱ्याच दुपारी बाबांना एकशे तीन ताप चढला. तिने त्याला फोन लावून ताप सांगितला. वीस मिनिटांत तो वॉर्डच्या दारात हजर, कोटावर कुत्र्याचे केस.

“ताप म्हणजे शरीर भांडायला उठलंय. जिंकेलच असं मी…”

“नका म्हणू. थांबा फक्त.”

नर्सने वाट अडवली. “नातेवाईकच आत. हे पेशंटचे कोण?”

“डॉक्टर,” तो म्हणाला.

“कुणाचे?”

“कुत्र्यांचा.”

नर्सने बाहेरच्या दिशेला बोट केलं.

“अहो, हे… हे आमचे आहेत!” ती घाईघाईत बोलून गेली. आपण काय बोललो ते तिला नंतर ऐकू आलं. तोवर नर्सने रजिस्टरमध्ये, नात्याच्या रकान्यात, ‘जावई’ लिहूनही टाकलं होतं.

तो त्या शब्दाकडे बघत राहिला. “चूक झालीय… दुरुस्त करायची?”

“ते बाबांना विचारा,” ती खाली बघत म्हणाली. “उद्या. ते उठून बसले की.”

‘उद्या’ हा शब्द त्या आठवड्यात तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता.