कानातली रिकीब

अकोटच्या बसस्टँडवर अमरावतीची एसटी लागली. खिडकीजवळ बसलेल्या तरुणाला मी विचारलं, शेजारी कोणी आहे का. तो बाहेरच बघत राहिला. पुन्हा विचारलं, तरी तेच. शिष्ट दिसतोय… असं म्हणत मी बसून घेतलं.

गाडी अंजनगावच्या रस्त्याला लागली, पत्रे खडखडू लागले. मी फोनवर आईला ओरडून सांगत होते, पाण्याची बाटली विसरले म्हणून – तोच शेजारून एक बाटली पुढे आली.

"घ्या. थंड हाय."

गाडी शांत उभी असताना ऐकू येत नाही आणि गोंगाटात मोठ्यानं बोललेलं येतं? माझं काम कान तपासण्याचंच. अमरावतीला उतरताना मी त्याच्या हातात क्लिनिकचं कार्ड ठेवलं.

आठव्या दिवशी तो आला. अनुप, कापसाच्या जिनिंगमधला फिटर. मशीनच्या आवाजानं कान गेले, आता इलाज नाही, असंच तो धरून चालला होता. लोक शिष्ट म्हणतात म्हणून त्यानं आपणहून बोलणंच सोडलं होतं. मी बोलताना तो माझ्या ओठांकडे बघायचा. ऐकण्यासाठीच बघतोय, असं मी स्वतःला बजावलं… दोनदा.

ट्यूनिंग फोर्क वाजवून कानासमोर धरला तर त्याला जेमतेम ऐकू आला. कानामागच्या हाडावर टेकवला आणि त्याचा चेहरा उजळला. म्हणजे आतली नस चांगली होती. पडद्यामागे तीन इवली हाडं असतात – हातोडी, ऐरण आणि घोड्याच्या खोगिराला पाय ठेवायला असते तशी रिकीब. त्यातली तांदळाच्या दाण्याहून लहान रिकीब हलत नसावी, असं मी सांगितलं.

"जाम झाली म्हना की," तो म्हणाला. "मंग खोलून दुरुस्त होते."

नागपूरच्या सर्जननी तेच निदान केलं. पण ऑपरेशनमध्ये शंभरात एखाद्याला उरलंसुरलं ऐकू येणंही बंद होतं, हेही सांगितलं. अनुपनं तारीख घेणं लांबवलं. तरी दर गुरुवारी काहीतरी विचारायला यायचाच. एकदा डोळ्यांबद्दल विचारलं. आवडीचं माणूस दिसलं की बाहुली मोठी होते, मी सांगितलं. त्यानं वाकून पाहिलं.

"तुमची तं मोठीच हाय."

"खोलीत उजेड कमी आहे," मी म्हणाले. दुपारचे बारा वाजले होते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो समोर बसून म्हणाला, "आज बोलत राहा. उद्याचं काई सांगता येत नाई." मी तासभर बोलले. शेवटी त्यानं विचारलं, "अन् कान गेलाच तं…?"

"तर मी आणखी जवळ बसून बोलेन."

दीड महिन्यानं तो तपासणीच्या बंद खोलीत, काचेपलीकडे हेडफोन लावून बसला. मी शब्द सांगायचा, त्यानं परत म्हणायचा. कमळ. कमळ. बाजार. बाजार. मी आवाज कमी करत कुजबुजीपर्यंत आणला आणि कागदानं ओठ झाकले.

"माझ्याशी लग्न करशील?"

काचेपलीकडे शांतता. ऑपरेशन फसलं की काय… मग त्यानं हेडफोन काढला आणि दार उघडून माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"हे परत म्हनाचं होतं, का उत्तर द्याचं?"

"उत्तर."

"हो," तो म्हणाला. "पन पुन्हा एकदा म्हना. याहून हळू."